हाताशी बोललेलं खोटं

रेखा, आधी कबुली देऊन टाकते. तुझं पितळी कडं मी घेतलं. तेराव्याला तुझ्या भावाकडे मी ते मागितलं. 'आठवण म्हणून,' म्हणाले. त्यानं लगेच आणून दिलं आणि वर डोळे पुसले. मला आठवणीसाठी तुझं काही नको होतं. तेरा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलेली बाई अशी डोक्यातून जात नसते. कडं मला पारूसाठी हवं होतं, आणि ज्या कामासाठी हवं होतं ते तू जिवंत असतीस तर मला करू दिलं नसतंस.

आपण दोघी एकाच तालुक्याच्या विशेष शिक्षिका, दोघी कंत्राटी. ज्या लेकरांना शाळेपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे आपलं काम. घरी जायचीस ती तू. मी ऑफिस धरून बसायचे. अपंगत्वाचे दाखले, तपासणीची शिबिरं, चाकाच्या खुर्च्यांचे अर्ज. 'वंदे, तुझी लेकरं कागदावर लई चांगली चालतात,' असं तू चारचौघांत म्हणायचीस. मी म्हणायचे, 'कागद नसला तर तुझ्या लेकरांना खुर्ची कोण देणार, तुझा मामा?' दोघींचंही खरं होतं, म्हणून ते भांडण कधी मिटलं नाही. आता मिटायचंही नाही, कारण तू मधेच उठून गेलीस. ही तुझी जुनी सवय.

पुसेगावच्या पुढे फाट्यावरून आत, हळदीच्या वावरातलं ते पत्र्याचं घर मी तू असताना दोनदाच पाहिलं होतं. पारू अकरा वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिच्याशी बोलायचं ते तिच्या हातात. चार वर्षं दर गुरुवारी दोन वाजता जाऊन तू तिला एकेक शब्द दिलास. बोटं झटकन मागे घेतली की गरम. तळव्यावर तळवा पुसला की संपलं. तळव्यावर दोनदा बोटं टेकली की हो. तळव्यावर बोट गोल फिरवलं की प्रश्न. माणसांनाही खुणा होत्या. काचेच्या बांगड्या म्हणजे आई, दाढीचे खुंट म्हणजे बाप आणि कडं म्हणजे तू. गेल्या गेल्या तिचा हात धरून तू आपल्या कड्यावर ठेवायचीस, तेव्हा तिच्या लेखी तू आलेली असायचीस.

शेळीवरून आपलं जे झालं ते अजून माझ्या घशात अडकून आहे. पारूची शेळी, दिवसभर तिच्या पाठीला पाठ लावून बसणारी, काहीतरी खाऊन फुगली आणि मेली. तिच्या आईचा, गयाबाईचा, ऑफिसात फोन आला तो मी उचलला. मी सरळ सांगितलं, 'तशीच दुसरी आणा, गळ्यात तीच घंटा बांधा. तिला काय कळणार आहे?' तू माझ्या हातातून फोन ओढून घेतलास आणि म्हणालीस, 'गयाबाई, शेळीला पुरू नका. मी येऊन राहिले.'

तू गेलीस आणि त्या लेकराचा हात मेलेल्या शेळीवर ठेवलास. तोंडावर, पोटावर, ताठ झालेल्या थंड पायांवर. खड्ड्यात तिच्याच हातानं माती लोटायला लावलीस. मग तिच्या तळव्यावर तुझा तळवा सपाट ठेवलास आणि हलवला नाहीस. तिनं दाबला, बोटं वाकवून पाहिली, तरी हलवला नाहीस. मेली या शब्दाची खूण अशी झाली. पारू तीन दिवस ओरडत होती. मी तुला ऑफिसात सगळ्यांदेखत म्हणाले, 'तू शिक्षिका नाहीस, कसाई आहेस.'

तू चिडली नाहीस, हेच मला जास्त लागलं. म्हणालीस, 'वंदे, डोळ्याला फसवलं तर कान हायत. कानाला फसवलं तर डोळे हायत. पारूकडं नुसता हात हाय. त्या हाताशी खोटं बोललीस तर ती पोरगी जाईल कुटं?' मी उठून कपाट आवरायला घेतलं, जे आवरलेलंच होतं.

मग तुला ताप आला, नांदेडला नेलं आणि पाचव्या दिवशी तू गेलीस. बाकीचं तुला माहीत आहे किंवा नाही, मला कळायला मार्ग नाही. पण दहाव्याचं सांगते, कारण ते तुझ्या मागे घडलं. कयाधूच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एकच कावळा होता, समोरच्या बाभळीवर बसलेला. भाऊ हात जोडून म्हणाला, आईला मी सांभाळतो. वहिनी म्हणाली, सगळं तुमच्या मनासारखं करू. कावळा जागचा हलला नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. तरी मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणाले, 'पारूकडे मी जाईन, दर गुरुवारी, कबूल.' कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि पंख मिटून तसाच बसला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववून घेतला. घरी येताना मला तुझा राग आला. एवढी मोठी कबुली दिली तरी तुझं समाधान नाही म्हणजे काय!

पहिल्या गुरुवारी मी तुझं कडं घालून निघाले. मला वाटलं होतं, लेकराला त्रास कशाला? कड्याला हात लावेल, खूश होईल, शिकणं चालू राहील. मोठी झाली की सांगू कधीतरी. गावात हळद शिजवणं चालू होतं, कढयांची वाफ रस्त्यावर आली होती. मी पोचायच्या आधीच पारू दारात येऊन बसलेली. स्कूटीची थरथर तिला जमिनीतून कळते, हे तूच सांगितलं होतंस. मी तिचा हात धरून कड्यावर ठेवला.

रेखा, तिचं हसू पाहून मला पहिल्यांदा कळलं की तू अठ्ठावीस किलोमीटर कशासाठी जात होतीस. पण ते हसू फार टिकलं नाही. तिनं माझं मनगट नाकापाशी नेलं. वास घेतला. बोटं कोपरापर्यंत चढवली, परत खाली आणली, पुन्हा कडं चाचपलं. मग मला सोडून तिनं हात माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत नेला. तिथं कुणी नव्हतं. तिचा हात हवेत वर गेला, बसलेल्या बाईचं कपाळ जेवढ्या उंचीवर असतं तेवढा. तिथं थोडा वेळ थांबला. मग तिनं तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि पुन्हा त्या जागेत नेला.

गयाबाई चुलीपाशी होती. पदर तोंडाला लावून ती उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, 'बाई, जरा सरकून बसा. रेखाबाई बसून हायत तिथं.'

मी सरकले. लाज वाटते सांगायला, पण सरकले.

नंतरच्या गुरुवारी मी गेले तेव्हा तुझ्यासाठी चटई टाकलेली होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. 'काहून घाबरता, बाई?' गयाबाई म्हणाली. 'त्या आपल्याच हायत. जिवंत असताना कदी तकलीफ दिली न्हाई, आता काहून देतील?' मी घाबरत नाही, असं मी ठणकावून सांगितलं आणि पाठ भिंतीला लावून बसले. पारूला शिकवायला घेतलं तर तिचं अर्धं लक्ष चटईवर. मधेच हात तिकडे जायचा. वर, थांबून, स्वतःच्या कपाळावर. मग ती चटईवर आपला तळवा उलगडून ठेवायची आणि वाट पाहायची. किती वेळ? समोरच्या माणसाला उत्तर द्यायला लागतो, बरोबर तेवढा. एकदा तर ती वाट पाहून झाल्यावर हसली. तिच्या उघड्या तळव्यावरची कातडी मला दबल्यासारखी दिसली की नाही, हे मी शपथेवर सांगणार नाही. निघताना तांब्यातलं पाणी दोन बोटं उतरलं होतं. ऊन होतं, पत्रा तापला होता. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला कारण होतं, पण त्या दिवशी स्कूटी चालवताना मी एकदाही आरशात पाहिलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी पारूचा बाप किसन अंगणात माझीच वाट पाहत होता. सरळ माणूस. डोळ्याला डोळा न देता म्हणाला, 'बाई, तुमी येऊ नका आता. तुमी आल्यावरच पोरगी असं करते. बाकीचे सहा दिवस बराबर ऱ्हाते. बाहेरचं काय तरी तुमच्यासंगं येऊन राहिलं.'

'किसनराव, मी शिकलेली बाई आहे. माझ्याबरोबर काही येत नाही.'

'मंग हे कडं कुनाचं हाय?' तो म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिथं उन्हात उभी राहिले आणि सगळं एकदम लख्ख झालं. पारू एकदाही फसली नव्हती. वासावरूनच तिनं ओळखलं होतं की ही दुसरी कुणी बाई आहे. पण कडं आलं होतं, आणि तिच्या जगात कडं आलं म्हणजे तू आलीस. कड्यावाली बाई तू नव्हतीस, मग तू बाजूलाच कुठंतरी असणार. म्हणून ती बाजूला शोधत होती. तुझं भूत कुठून आलं नव्हतं, रेखा. ते मी स्कूटीवर बसवून आणलं होतं. दुसऱ्या शेळीच्या गळ्यात मी तीच घंटा बांधली होती.

किसनला म्हणाले, 'आजचा दिवस द्या.' आत गेले आणि चटईवर, तुझ्या जागेवर जाऊन बसले. जमीन कोमट होती. कुणी आत्ताच उठून गेल्यावर असते तशी. पारूचा हात आला, वर गेला आणि या वेळी माझ्या कपाळाला लागला. ती दचकली. हात तसाच ठेवला. मग स्वतःच्या कपाळाला, पुन्हा माझ्या. मग माझा हात ओढून घेतला आणि तळव्यात बोटं टेकवून झटकन मागे घेतली. गरम. मग तळवा पुसला. संपलं. मग बोट गोल फिरवलं.

गरम संपलं का?

ताप. ती तुझा ताप विचारत होती. तीन गुरुवार ती त्या मोकळ्या जागेत तुझं कपाळ शोधून विचारत होती की तुझा ताप उतरला का, आणि आम्ही तिघं मोठी माणसं भुताला पाणी ठेवून बसलो होतो.

आता ते सांगते जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या शेवटच्या गुरुवारी सकाळी तू माझ्या टेबलापाशी आलीस. डोळे लाल होते. म्हणालीस, 'वंदे, आज तू जातीस का पारूकडं? अंग मोडून आलंय.' मी मान वर केली नाही. शिबिराची यादी करत होते. म्हणाले, 'एक गुरुवार चुकला तर आभाळ कोसळत नाही. घरी जाऊन झोप.' तू घरी गेली नाहीस, हे मला माहीत होतं. तुझी स्कूटी मी खिडकीतून फाट्याच्या दिशेला जाताना पाहिली होती. तुला ताप आहे हे तुझ्या भावाला दुसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टरला तिसऱ्या. पारूला त्याच दुपारी कळलं होतं, कारण तिनं तुझ्या कपाळाला हात लावला होता. मी नाही लावला. माझ्यात आणि तुझ्यात टेबलाएवढंच अंतर होतं.

आणि मग तुला स्मशानात नेलं तेव्हा सगळा तालुका होता. साहेब आले, शिपाई आले, तू शिकवलेली, आता व्हीलचेअरवर फिरणारी दोन मोठी पोरं आली. पारूला आणायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं असतं. तिला शेवटचा हात लावायला तू उरली नव्हतीस, आता काय दाखवून सांगायचं तिला? जळून गेलेल्या माणसाची खूण कशी करायची, हे तू मला शिकवलं नव्हतंस.

मी किसनला म्हणाले, 'मला हिला हिंगोलीला न्यायचंय. रेखाच्या खोलीवर.' त्यानं आत पारूकडे पाहिलं. 'एकदा न्या,' म्हणाला. 'त्याच्यानं न्हाई झालं तर मी माझं पाहीन. आन् तुमी पुन्हा यायचं न्हाई.'

मी, गयाबाई आणि पारू एसटीनं आलो. तुझी खोली महिनाअखेर रिकामी करायची होती, तोवर कुणी हात लावला नव्हता. घरमालकीणबाईंनी कुलूप काढलं. आत तुझ्या त्या डोकेदुखीच्या बामाचा वास इतका ताजा होता की मी उंबऱ्यातच थांबले. पारू थांबली नाही. तिनं मला ढकललं आणि आत शिरली.

रेखा, तुला कुणी इतकं शोधलं नसेल. दोरीवरच्या साडीत तिनं तोंड खुपसलं आणि आनंदानं उड्या मारल्या. तू सापडल्यातच जमा होतीस. मग ती भिंत धरून निघाली. दाराच्या मागे. कपाटात, कपड्यांच्या पार मागे. खाटेखाली पालथी सरपटत. गॅसची शेगडी, गार. माठात हात घातला, तळापर्यंत कोरडा. तुझ्या चपला सापडल्या तेव्हा तिनं दोन्ही हात त्यांत घालून पाहिले, पाय आत आहेत का म्हणून. गयाबाईनं तोंड फिरवलं. शेवटी पारू खाटेवर चढली आणि उशीपासून पायथ्यापर्यंत गोधडी चाचपत गेली. परत आली. उशीत तुझ्या डोक्याचा खळगा अजून होता. तिनं त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग ती माझ्याकडे आली. गरम. संपलं. प्रश्न.

मी कडं काढलं, तिच्या ओंजळीत दिलं. मग तिच्या तळव्यावर माझा तळवा सपाट ठेवला आणि हलवला नाही. तिनं दाबला. बोटं एकेक वाकवून पाहिली. नख रुतवलं, रक्त आलं. मी हलवला नाही. तू शेळीच्या वेळी इतका वेळ हात स्थिर कसा ठेवलास, मला माहीत नाही. मी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट दाबून धरलं होतं.

मग ती ओरडली. घरमालकीणबाई धावत आल्या. गयाबाई तिला कुशीत घ्यायला पुढे झाली, मी मधे हात घातला. 'ओरडू द्या,' म्हणाले. त्या क्षणी कुणी मला कसाई म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तू ऐकून घेतलं होतंस तसं.

किती वेळ गेला कोण जाणे. ती गप्प झाली, पण झोपली नाही. माझ्याजवळ सरकून तिनं पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. चष्मा, नाक, ओले गाल. मला वाटलं, झालं. मग तिनं आपला तळवा माझ्या छातीवर ठेवला. तिथून उचलून माझ्या तळव्यावर ठेवला, सपाट, न हलवता. आणि मग बोट गोल फिरवलं.

तू पण मरणार?

गयाबाईला कळलं. ती माझ्या कानाशी येऊन रडतच म्हणाली, 'बाई, न्हाई म्हना. आज तरी न्हाई म्हना. लेकरू हाय ते.' तिचं काही चुकलं नव्हतं. आजपर्यंत मी तेच म्हणत आले होते. 'नाही'ची खूण सोपी आहे, एकदा बोट आडवं ओढलं की झालं. पारू तळवा उघडून थांबली होती, उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि त्याहून जास्त. खोलीत तू असतीस तर नुसती माझ्याकडे पाहत राहिली असतीस.

मी दोन बोटं तिच्या तळव्यावर दोनदा टेकली. हो.

ती रडली नाही. तिनं ती दोन बोटं मुठीत धरली आणि एसटीत बसल्यावर, फाटा येऊन उतरेपर्यंत सोडली नाहीत.